विदोसावानं धुतलेलं पिंप

विदोसावाला किळस येत नाही अशी वस्तू मोरावा नदीच्या त्या सबंध खोऱ्यात शोधून सापडली नसती. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायची वेळ आली की ती पेला आधी उजेडात धरून बघायची, यजमानीण समोर उभी असली तरी. प्रत्येक घराण्याचा एक राखणदार संत असतो; त्याच्या सणाला दारातच पाहुण्यापुढे उकडलेल्या गोड गव्हाचं ताट धरतात. ज्यानं त्यानं एकेक चमचा खायचा आणि उष्टा चमचा शेजारच्या पाण्याच्या पेल्यात सोडायचा. दुपारपर्यंत ते पाणी गढूळ झालेलं असतं; विदोसावा त्याकडे पाठ फिरवून उभी राही. पाद्रीबुवांच्या दाढीत तिला एकदा माशाचा काटा दिसला होता; तेव्हापासून त्यांच्या हाताचं चुंबन घेताना ती श्वास रोखून धरी. नवरा जिवंत होता तोवर पाव रश्शात कुस्करून खायचा आणि ही भिंतीकडे तोंड करून जेवायची. बिचारा तसाच गेला, बायको जेवताना कशी दिसते हे न बघता.

गावात तिला सगळे नाकानं कांदे सोलणारी म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण अशा बाईनं पोट कुठे भरावं, तर ल्युबिंकोच्या मुलाम्याच्या कारखान्यात.

तिथे बिजागऱ्या, कोयंडे, द्राक्षबागांच्या तारा ताणायचे आकडे असला लोखंडी माल येई. त्यावर जस्त चढवायचं. नुसतं जस्त चढवलेलं लोखंड चांदीसारखं चमकतं खरं, पण दमट जागी पडलं की शिळ्या पावावर बुरशी यावी तसा त्यावर पांढरा गंज धरतो. तो धरू नये म्हणून माल शेवटी एका आंबट, जहरी पाण्यात बुडवून लगेच वर काढायचा. जस्तावर पातळ साय धरते आणि मग दमट हवेची त्याला हात लावायची बिशाद राहत नाही. त्या पाण्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. कारखान्यात सगळे त्या हौदाला नुसतं ‘पिवळी’ म्हणत.

पिवळी देखणी होती. तिच्यातून निघालेली साधी बिजागरी सोन्याची दिसायची, आणि तिरकी धरली की त्या सोन्यात हिरव्या-गुलाबी लाटा. पण अंगानं ती अत्यंत नीच. बोटाला खरचटलेलं असलं की तिथे गोल भोक पाडायची आणि ते भरता भरायचं नाही. तिच्यावरची वाफ वर्षानुवर्षं नाकात जाऊन विदोसावाच्या नाकाचा पडदाच आरपार झाला होता. डॉक्टरनं एका नाकपुडीत दिवा धरला तर उजेड दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आला. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगताना तिची तिलाच शिसारी आली असती.

परदेशी गिऱ्हाइकांनी पिवळी बंद करायला लावली, तेव्हा ल्युबिंकोनं शेजारी दुसरा हौद बांधला. त्यातलं पाणी निरुपद्रवी. माल निघायचा तो जरा निळसर, जवळजवळ बिनरंगी. टिकायला अगदी तसाच. पण गावोगावचे लोखंडवाले तो माल हातात घेऊन तोंड वाकडं करायचे. “हे कसलं? पाण्यातून काढलंय की काय? पिवळं नाही तर मुलामाच नाही.” मग परदेशात जाणारा माल निळसर आणि आपल्या माणसांच्या दारांना पिवळा, अशी ल्युबिंकोनं वाटणी केली. तिकडच्या लोकांना जे जहर ते आपल्या लोकांना शोभा. विदोसावाला त्या वाटणीचीही किळस यायची, पण बोलायची सोय नव्हती. ल्युबिंको तिचा मालक तर होताच, शिवाय कूम होता. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला आणि पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला माणूस; त्या नात्यातली बाई ती कुमा. आपल्याकडे सख्ख्या भावाशी अबोला धरता येतो. कूमशी धरला तर गाव तुमच्या दारात थुंकतं.

पिवळीचं औषध निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांतून यायचं. रुंद तोंडाची, चांगली जाड, कड्याचं झाकण असलेली पिंपं. रिकामी झाली की ती धुवायचं काम ल्युबिंकोनं विदोसावाला दिलं होतं. “कुमा, तुझ्यासारखं धुणारं दुसरं कोणी नाही. ती परत जायची असतात, लख्ख पाहिजेत.” ती हातमोजे चढवून, नळी लावून, सोड्यानं घासून एकेक पिंप धुवायची. धुतलेलं पुन्हा धुवायला लागू नये म्हणून मुठीजवळ खिळ्यानं एक क्रूस खरवडायची. एकदा असंच धुतलेलं एक पिंप पाणी भरून रात्रभर राहिलं, तर सकाळी त्यातलं पाणी पातळ चहासारखं पिवळं. प्लॅस्टिक ते जहर पिऊन बसलं होतं आणि आता सावकाश ओकत होतं.

तिनं ल्युबिंकोला बोलावून दाखवलं. तो हसला. “परतच जायचंय ना ते? त्यात काय पोराला आंघोळ घालायचीय?”

ती पुढचं पिंप धुवायला वळली.

शरद आला की आमचं गाव कोबीनं वेडं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर कोबी रस्त्यावर उतरतो, आणि ज्याच्या त्याच्या तळघरात नाही तर बाल्कनीत पिंप बसतं. गड्डे रचायचे, मिठाचं पाणी ओतायचं, वर दगड ठेवायचा. आंबवणीला सोनेरी रंग यावा म्हणून मक्याचे दाणे टाकायचे. पिवळंधमक पाणी निघालं तर बाईची मान ताठ, फिकट निघालं तर शेजारणी कुजबुजतात. पुढे हिवाळाभर त्याच कोबीच्या पानात खिमा गुंडाळून सारमा करायच्या. आणि ते आंबट पाणी पुरुष दारू उतरवायला पितात, पोरं नुसती मजा म्हणून.

विदोसावाची लेक यागोदा नदीकाठच्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. नवरा मिओद्राग मालट्रकवर, महिन्यातून थोडे दिवस घरी. विदोसावा एका रविवारी नातीला बघायला गेली, तर दुन्या बाल्कनीत पिंपाशी उभी राहून कपानं आंबवणी पीत होती. सहा वर्षांची पोर, हनुवटीवरून पिवळे ओघळ. विदोसावाचं लक्ष आधी ओघळांकडे गेलं, सवयच तशी. ती रुमाल काढून पोरीचं तोंड पुसायला वाकली, आणि पिंपाच्या मुठीजवळ तिला खिळ्यानं खरवडलेला क्रूस दिसला.

तिनं पोरीच्या हातातून कप हिसकला. दुन्या रडायला लागली. यागोदा आतून धावत आली.

“हे पिंप कुठून आणलंस?”

“कूमनं दिलं. त्याची बायको, रोसांदाकाकू, स्वतः घेऊन आल्या. सगळ्यांनाच दिलीत, अख्ख्या इमारतीला. का?”

“यात पिवळीचं औषध होतं. ओत हे सगळं. आत्ताच्या आत्ता.”

यागोदानं कमरेवर हात ठेवले. “आई, मागच्या महिन्यात तू माझं लोणी फेकलंस, त्यात बोट बुडालं होतं म्हणून. माझं स्वतःचं बोट. त्याआधी सासूबाईंची खीर.”

“ही खीर नाही.”

“धुतलेलं आहे ते.”

“कोणी सांगितलं?”

“कूमनं. विदोसावानं धुतलंय, म्हणाला, डोळे मिटून घ्या. ही बघ, तुझीच खूण आहे ना? मग? तुझ्याइतकं स्वच्छ धुणारं या गावात आहे कोण?”

 जन्मभर विदोसावाच्या ज्या किळसेला लोक हसले, त्याच किळसेचा ल्युबिंकोनं शिक्का करून पिंपांवर मारला होता. तो क्रूस तिनं स्वतःच्या हातानं खरवडला होता. आपल्याच हाताची तिला त्या घटकेला जेवढी किळस आली तेवढी आजवर कशाचीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती तडक ल्युबिंकोच्या खोलीत गेली. तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून उकडलेलं अंडं सोलत होता. टरफलाचे तुकडे त्याच्या स्वेटरवर पडले होते.

“तू म्हणालास पिंपं परत जातात.”

“जातात ना. लोकांकडे परत जातात.” स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला. “कुमा, बस. अंडं खातेस?”

“माझी नात त्यातलं पाणी पितेय.”

“अगं, तीन तीन पाणी दिलंस तू त्यांना. मी बघितलंय ना, कशी घासतेस. लोक किती दुवा देतात मला, माहितेय? एवढी चांगली पिंपं, कोण देतं आजकाल? टाकून दिली असती तर त्या विल्हेवाटवाल्यांनी माझी कातडी सोलली असती.”

“रात्रभर पाणी ठेवलं की पिवळं होतं. तुला दाखवलं होतं मी.”

“कोबीचं पाणी पिवळंच असतं, विदा.” अंडं त्यानं अख्खं तोंडात टाकलं आणि तसाच बोलत राहिला. “आणि समज, तू गावभर ओरडलीस. लोक विचारतील धुतली कोणी? खूण कोणाची? मी काय म्हणणार, मला तर कुमाच्या शब्दावर विश्वास. घर एकच आहे आपलं. स्वतःच्या ताटात कोणी थुंकत नाही.”

पिवळ्या बलकाचा एक कण त्याच्या ओठावर चिकटून बोलताना वरखाली होत होता. विदोसावा त्या कणाकडे बघत राहिली. मग ती बाहेर गेली आणि कारखान्याच्या भिंतीशी खरोखरच ओकली.

लेकीला पुन्हा समजवायच्या भानगडीत ती पडली नाही. यागोदा कामावर आणि दुन्या शाळेत गेल्यावर ती तिच्याजवळच्या किल्लीनं दार उघडून आत गेली. हातमोजे घातले. गड्डे काढून पोत्यांत भरले आणि पाणी बादल्या बादल्या भरून मोरीत ओतलं. ते पाणी पुढे मोरावातच जाणार हे तिला कळत होतं. पण नदीपेक्षा नात जवळची. शेवटी पिंपाच्या बुडाला भोसकून मोठं भोक पाडलं, म्हणजे पुन्हा कोणी भरायला नको.

संध्याकाळी यागोदानं रिकामी बाल्कनी बघितली. आरडाओरडा केला असता तर विदोसावाला बरं वाटलं असतं. पण यागोदा हळू आवाजात बोलली.

“सण तोंडावर आलाय, आई. मिओद्रागच्या घराण्याचा संत. घर भरून माणसं येणार आणि माझ्या घरात सारमा नाही. मी सांगू काय त्यांना? माझ्या आईला किळस आली?”

“खरं ते सांग.”

“खरं हे की तुला सगळ्याचीच घाण वाटते. माझ्या नवऱ्याची वाटते, माझ्या सासूची वाटते. दुन्याला शिंक आली तरी तू मागे सरतेस. तुझं काय ऐकायचं माणसानं? किल्ली ठेव इथे. सणाला ये, पाहुण्यासारखी ये. तोवर नको.”

विदोसावानं किल्ली ठेवली. उतरताना खालच्या मजल्यावर स्तानाचं दार उघडं दिसलं. स्ताना ही यागोदाची शेजारीण, आडव्या अंगाची, मोकळ्या मनाची, पोरांना दिवसभर काहीतरी भरवत बसणारी बाई. तिच्या बाल्कनीतही निळं पिंप. समोरच्या बाल्कनीत निळं. पलीकडच्या इमारतीत तर रांगच. किती मोऱ्यांत किती बादल्या ओतणार? तिनं स्तानाला सांगून बघितलं. स्तानानं तिच्या पाठीवर हात फिरवला, “तू दमलीस गं विदा,” म्हणाली, आणि बशीत आंबट कोबी पुढे केला.

सणाचा दिवस उजाडला. मेणबत्ती लावून झाली, पाव कापून झाला, गव्हाचं ताट फिरलं. मिओद्राग यजमान म्हणून उभा होता. त्या दिवशी घरधन्यानं बसायचं नसतं. कूमची जागा टेबलाच्या डोक्याशी. तिथे ल्युबिंको पसरला होता आणि शेजारी त्याची बायको रोसांदा, नव्या केशरचनेत. विदोसावाला टोकाला, दाराजवळ बसवलं होतं.

मग यागोदानं सारमांचं भांडं आणलं. वाफ उठली. प्रथेप्रमाणे पहिली वाढ कूमला. ल्युबिंकोनं तीन घेतल्या आणि जिभेनं ओठ पुसले. भांडं विदोसावापर्यंत आलं आणि तिनं ताटावर हात आडवा धरला.

“आज काय सापडलं, विदा?” स्ताना म्हणाली. “केस की माशी?” टेबल हसलं.

“कुमाला जगात एकच हात स्वच्छ वाटतो,” ल्युबिंको म्हणाला, “तिचा स्वतःचा. म्हणून तर मी प्रत्येकाला छातीठोक सांगतो, पिंप विदोसावानं धुतलेलं आहे. सरकारी शिक्कासुद्धा इतका चोख नसतो.” पुन्हा हसणं.

यागोदाचा चेहरा लाल झाला. “आई, घे. चार लोकांत तमाशा नको. हा कोबी कूमच्या घरचा आहे, रोसांदाकाकूंनी सणासाठी पाठवला. यात तरी दोष काढू नकोस.”

दुन्यानं तोवर सारमाला काटा लावला होता. विदोसावाला तेवढंच दिसत होतं, तो काटा. बाकी कसली युक्ती तिच्या डोक्यात नव्हती. पोरीचं ताट ओढायचं की नाही एवढंच तिला ठरवायचं होतं, म्हणून तिनं विचारलं, “रोसांदा, तुमचा कोबी कुठल्या पिंपात असतो?”

“आमचा?” रोसांदा खुलली. तिला कोणी काही विचारायचं नाही. सगळे ल्युबिंकोलाच विचारायचे. “आमचा लाकडी पिंपात. सासऱ्यांच्या वेळचं आहे, गळतं मेलं, दर वर्षी आधी भिजत घालावं लागतं. मी ह्याला किती म्हटलं, गावाला एवढी निळी पिंपं वाटतोयस, एक आपल्या घरी ठेव, माझी कंबर सुटेल. पण ऐकेल तर शपथ. निळ्यातला कोबी माझ्या ताटात येता कामा नये, म्हणतो. एक मी गुपचूप ठेवून घेतलं होतं, तर फोडून टाकलं ह्यानं. इतका जुन्या चवीचा माणूस.”

ती कौतुकानं नवऱ्याकडे वळली. ल्युबिंको चावायचा थांबला होता.

पहिल्यांदा स्तानानं काटा खाली ठेवला. “का हो, ल्युबिंको?” ती म्हणाली. “आम्हाला तर निळं दिलंत.”

“चवीचा प्रश्न आहे,” ल्युबिंको म्हणाला. “लाकडाला एक वास असतो.”

“वासासाठी फोडलंत?”

 टेबलाभोवती बसलेल्या एकेकाला आपापली बाल्कनी आठवत होती, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. एक पाहुणा उठला, मेणबत्तीसमोर छातीवर क्रूसाची खूण केली आणि कॉफीची वाट न बघता गेला. सणाला कॉफीआधी उठणं म्हणजे घरधन्याचा अपमान. मिओद्रागनं त्याला अडवलंही नाही. मग आणखी दोघं उठले.

“दुन्या,” यागोदा म्हणाली.  “आपलं पिंप गेल्यापासून तू आंबवणी प्यायलीस कुठे?”

“स्तानामावशीकडे,” दुन्या म्हणाली. “रोज. मावशी मोठा कप देते.”

स्तानानं तोंडावर पदरासारखा रुमाल दाबून धरला. यागोदानं आईकडे बघितलं. त्या नजरेत माफी होती की राग, ते विदोसावानं बघितलंच नाही. आयुष्यभर तिला आपलं म्हणणं खरं ठरलेलं हवं असायचं, आणि आज ते खोटं ठरावं म्हणून तिनं भिंतीवरच्या संतापुढे मनातल्या मनात लोटांगण घातलं होतं. संतानं काही केलं नाही.

“डॉक्टरकडे ने,” ती म्हणाली. “आत्ता. पिवळीच्या औषधाचं नाव नीट सांग, क्रोम म्हण. मिओद्राग, गाडी काढ.”

ती तिघं गेली. यजमानच निघून गेलेल्या त्या घरात मेणबत्ती जळत राहिली. ल्युबिंकोनं रुमालानं हात पुसले, एकेक बोट वेगळं. “बघितलंस, कुमा?” तो म्हणाला. “एका बाईच्या नखऱ्यापायी घराचा सण नासला. तुझी खूण आहे त्यांच्यावर, विसरू नकोस. रोसांदा, कोट आण माझा.”

विदोसावाला वाटलं होतं की याच्यावर आपल्याला संताप येईल. पण संतापायला समोर माणूस लागतो. त्याच्याकडे बघून तिला फक्त मळमळलं, उष्ट्या चमच्यांच्या पेल्याकडे बघून मळमळायचं तसं. “आहे माझी खूण,” ती म्हणाली. “तेच सांगणार आहे मी.”

रोसांदा उठली होती, पण कोट आणायला गेली नाही. नवी केशरचना सावरायला तिनं हात वर नेला होता तो तिथेच राहिला होता. “मी नेऊन दिली,” ती म्हणाली. “एकेक घरी. गाडीतून उतरवून, हातानं. लोकांनी मला केक दिले.” मग ती नवऱ्याकडे वळली. “मला तरी सांगायचंस.”

“बस खाली,” ल्युबिंको म्हणाला.

ती बसली नाही. “विदा, मला घरं आठवतात,” ती म्हणाली. “सगळी आठवतात. एकटीला तोंडातून शब्द फुटायचा नाही. चल.”

दोघी जिना उतरल्या. तळमजल्यावर तिहोमिर आजोबा राहायचे, एकटेच, दात नसलेले. रोसांदानं दार वाजवलं. म्हाताऱ्यानं जेवता जेवता दार उघडलं. एका हातात ताटली, गाल फुगलेला, हनुवटीवर पांढऱ्या खुंटांतून आंबवणीचा ओघळ. रोसांदाला बघून त्याचा चेहरा फुलला आणि भरल्या तोंडानं तो तिला आत या म्हणू लागला. रोसांदानं तोंड फिरवलं. विदोसावा पुढे झाली आणि तिनं आपला उघडा तळहात म्हाताऱ्याच्या तोंडापुढे धरला.

“थुंका, आजोबा,” ती म्हणाली. “माझ्या हातावर थुंका. मग सांगते.”